नाव न घेता लढवलेली निवडणूक

गुरुवार, १४ जानेवारी १९०९. स्कारनेस

आमचे खासदार डालगार्नोसाहेब गेले. दुपारी तार आली. डॉड पोस्टमनने ती नेहमीसारखी पालथी धरून माझ्या हातात दिली आणि "तुझी आहे" एवढंच म्हणाला. बाकी सगळ्यांची पत्रं हा माणूस रस्त्यातून नाव पुकारत वाटतो. मला मात्र चोवीस वर्षांत एकदाही त्याने नावाने हाक मारली नाही. बाहेरून आलेल्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? मी या गावात जावई म्हणून आलो, या गावची शिडं शिवून डोळे अधू केले, तरी यांच्या लेखी मी उपराच.

एल्स्पेट चुलीपाशी बसून गळांना शिंपल्याचं आमिष लावत होती. मी बातमी सांगितली. तिने हात थांबवले नाहीत.

"आणि भिंत?" तिने विचारलं.

मेलेल्या माणसासाठी आधी दोन शब्द हळहळीचे बोलावेत, असं मी म्हणालो.

"हळहळते की. भला माणूस होता. पण विल, भिंतीचं काय?"

खरं तर माझ्याही मनात तेच होतं. आमच्या बंदराच्या तोंडाशी खडकांची रांग आहे. तिला सगळे उंबरठा म्हणतात. उत्तरेचा वारा सुटला की त्या उंबरठ्यावर लाटा फुटतात आणि घराकडे परतणारी होडी दारातच उलटते. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एल्स्पेटचा धाकटा भाऊ जेमी चार जणांबरोबर तिथे बुडाला. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर, आयांच्या डोळ्यांदेखत. मी माझ्या माडीच्या खिडकीतून पाहत होतो आणि हातात सुई होती. त्यानंतर मी एक मोठं काळं शीड शिवलं. उंबरठा खवळला की ते माझ्या माडीवरच्या काठीला चढवतो, म्हणजे समुद्रातल्या होड्या लांबूनच ओळखतात आणि पूर्वेला पोर्टलॉगच्या बंदरात जातात. पण शीड म्हणजे लाटा अडवणारी भिंत नव्हे. भिंतीचा कायदा डालगार्नोसाहेबांनी पार्लमेंटात अर्ध्यावर आणला होता. आता पोटनिवडणूक होईल. विरोधी टोरी पक्षाचा मेजर ऑगिल्वी निवडून आला तर संपलंच. किनारा त्याच्या मेव्हण्याच्या मालकीचा आहे आणि मेव्हण्याला भिंत नको आहे.

तेव्हा ठरलं. आमच्या पक्षाचा जो कुणी उमेदवार येईल त्याला निवडून आणायचा. गावातली एकशे नव्वद मतं माझ्यावर सोपवलेली आहेत, आणि मी हाती घेतलेला टाका अर्धा सोडत नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

अंत्यविधी. येता-जाता चार मैलांचा वळसा पडला, कारण पोर्टलॉगच्या वाटेवरचा ओढ्याचा पूल परवाच्या पुरात वाहून गेला आहे. थडग्यापाशीच एडिंबराहून आलेले पक्षाचे मिस्टर पेटिग्रू भेटले. चष्मा, हातमोजे, खिशात तीन पेन्सिली. माती पडायच्या आत त्यांनी मला मतदारयादीबद्दल विचारलं. मला राग आला, आणि उत्तर तयार होतं याचाही राग आला.

माझ्या माडीवर पक्षाची कचेरी असेल. बाहेर माझ्या नावाची पाटी लावा, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो. धंदा सुरू केला तेव्हा मी तीनदा पाटी रंगवली, तिन्ही वेळा वाऱ्याने नेली. तरी लावतो म्हटलं.

गुरुवार, २१ जानेवारी

काल संध्याकाळी पाटी लावली. आज सकाळी गायब. वारा असा नव्हताच, पण इथल्या वाऱ्याचं माझ्याशीच वैर दिसतं. शेजारच्या पाववाल्याची पाटी चाळीस वर्षं जागची हललेली नाही.

शनिवार, २३ जानेवारी

आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही.

पेटिग्रूंचं पत्र आलं. उमेदवार ठरले मिस्टर रॉस. बंदरांच्या कायद्यातले नामांकित वकील. दोन गावांना भिंती मिळवून दिल्या आहेत. यापेक्षा चांगला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. मी ताबडतोब सगळ्या होड्यांच्या तांडेलांना माडीवर बोलावलं. एकेक जण जिना चढून आला. जिना उभा आहे, म्हणून दाराची लोखंडी कडी धरून तोल सावरायची प्रत्येकाला सवय आहे. ती कडी चांदीसारखी चकचकते, मला कधी घासावी लागली नाही.

मी उभा राहून नाव वाचलं. "आपले उमेदवार, मिस्टर रॉस."

 सगळीच्या सगळी माणसं लोखंड शोधायला लागली. कुणी बुटाचा खिळा धरला, कुणी कमरेची सुरी, दोघांनी माझ्या शेगडीला हात लावून भाजून घेतला. काही जण खिडकीतून बाहेर थुंकले. आणि सगळे धडाधड जिना उतरून गेले. फक्त बगळा थांबला.

बगळ्याचं खरं नाव अलेक्झांडर मेअर. गावात अलेक्झांडर मेअर अकरा आहेत, त्यामुळे सरकारी मतदारयादीतसुद्धा नावापुढे टोपणनाव छापावं लागतं. बगळ्याचा शब्द म्हणजे निम्म्या गावाचा शब्द.

"दाभण," तो म्हणाला. मला इथे दाभण म्हणतात. माझी जीभ टोचते म्हणून असेल. "दाभण, दुसरा माणूस आण."

"याच्यात खोट काय आहे?"

"माणसात नाही. नावात. ते नाव घेऊन कुणी समुद्रावर गेला तर परत येत नाही."

"कारण काय त्याचं?"

"कारण ठाऊक असतं तर वाद घातला असता की आम्ही," तो म्हणाला आणि कडीला हात लावून निघून गेला.

समुद्रावर पाद्री म्हणायचं नाही, डुक्कर म्हणायचं नाही, हे मला माहीत आहे. माणसाच्या आडनावावर बंदी असते हे मात्र आज कळलं. विसावं शतक उजाडून नऊ वर्षं झाली! माझ्या डोक्यात संताप मावत नाही.

रविवार, २४ जानेवारी

चर्चहून येताना एल्स्पेटशी बोललो. तिला आधीपासून माहीत होतं. हे लहान मुलालाही माहीत असतं म्हणे.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"असं ते एकच नाव आहे का?"

 "दोन आहेत."

"दुसरं कोणतं?"

"तुला काय करायचंय? दुसरं काही निवडणुकीला उभं नाही." आणि तिने माझ्या गळपट्ट्याची गाठ नीट केली, जी मुळात नीटच होती.

मी ठरवलं आहे की या खुळासमोर वाकायचं नाही. रोज नाव डोळ्यांसमोर दिसलं की भीती मरते. घोड्याला आगगाडीची सवय अशीच होते. पेटिग्रूंना लिहिलं: मोठ्यात मोठ्या अक्षरांत पत्रकं छापून पाठवा.

गुरुवार, २८ जानेवारी

तीनशे पत्रकं आली. हातभर उंचीची निळी अक्षरं: रॉस. खळ माझी मी शिजवली आणि दिवेलागणीच्या आत सगळं बंदर मढवून टाकलं. मासळीच्या शेडा, बर्फघर, धक्क्यावरचे खुंट, प्रत्येक होडीच्या समोर एक. पाठ मोडून आली, पण झोप गाढ लागणार. उद्या पाहू कोण जिंकतं, अक्कल की अंधश्रद्धा.

शुक्रवार, २९ जानेवारी

अंधश्रद्धा.

समुद्र आज ताटातल्या पाण्यासारखा स्थिर होता. दोन आठवड्यांतला पहिला असा दिवस. आणि एकही होडी गेली नाही. एकेचाळीस होड्या. माणसं पहाटे धक्क्यावर आली, अक्षरं पाहिली आणि मागे फिरली. रात्री बायकांनी बोटं फुटेस्तोवर लावलेलं आमिष आंबून फेकावं लागलं. माझ्या घरात एल्स्पेटने दोन भावजयांसाठी लावलेल्या बाराशे गळांचंही तेच.

दुपारी धक्क्यावरून चालत आलो. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. जेमीच्या बायकोने मला पाहून दार लावून घेतलं. तिच्या घरात तीन मुलं आहेत आणि आज चुलीवर चढवायला मासा नव्हता.

मी चुकलो. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हणायला जड जातं. मला वाटलं मी भीतीशी लढतो आहे. प्रत्यक्षात गरिबांच्या ताटाशी लढलो.

संध्याकाळी पत्रकं काढायला गेलो तर एकही शिल्लक नव्हतं. बायकांनी माझ्याआधीच खरवडून काढली होती. एल्स्पेटच्या नखांत निळा रंग आहे. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.  तिने वाढलेली लापशी मी संपवली.

सोमवार, १ फेब्रुवारी

मिस्टर रॉस पोहोचले. उंच, शांत, बोलताना समोरच्याकडे पाहणारा माणूस. मी सगळं सांगितलं, माझ्या खळीसकट. बुडालेल्या दिवसाची भरपाई स्वतःच्या खिशातून देतो म्हणाले. पेटिग्रू खुर्चीवरून उडालेच. उमेदवाराने मतदाराला एक पेला बिअर पाजली तरी निवडणूक रद्द होते आणि वर खटला. पैसे द्यायचे तर दूरच.

"मग मी त्यांच्यासाठी काय करू शकतो?" रॉस म्हणाले.

 पेटिग्रू म्हणाले, भाषण.

मंगळवार, २ फेब्रुवारी

अजब प्रकार. मिस्टर रॉस माडीवर यायला निघाले आणि चुकून खालच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात शिरले. एल्स्पेट दारातच उभी होती. वाट चुकलात म्हणून वर पाठवायचं सोडून तिने त्यांना आत बसवलं. त्यातून नेमक्या आजच जेमीची बायको आणि आणखी सहाजणी आमिष लावायला आमच्याकडे जमल्या होत्या.

मी खाली आलो तर लंडनच्या कोर्टात उभा राहणारा वकील तिवईवर बसून शिंपले उकलत होता. एक उकलायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बायका दहा उकलत. बोटं रक्ताळली होती. बायका हसत होत्या. त्या भिंतीबद्दल विचारत होत्या आणि तो उत्तर देत होता, किती लांब, किती उंच, कोणता दगड, किती वर्षं. भाषणात हे कुणी ऐकलं नसतं. जेमीच्या बायकोने एकच विचारलं, "ती असती तर वाचले असते?" त्याने सुरी खाली ठेवली. "त्या दिवशीच्या वाऱ्यात, हो. वाचले असते." तिने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. मला तिथे उभं राहवेना.

मग तो उठायला गेला तर उठता येईना. पाठीमागून कोटाच्या बाहीत गळ रुतला होता. एक काढायला गेले तर आणखी चार अडकले. त्याचे दोन्ही हात तर पुढे परातीत होते, मागे गळ कसा लागला देव जाणे. मागे एल्स्पेटच बसली होती, तिलाही कळलं नाही म्हणे. शेवटी तिने कात्री घेतली आणि त्या उंची कोटाची डावी बाही कोपरापासून कापून टाकली. गळ मोडायचा नाही, बाही गेली तरी चालेल. मी शरमेने अर्धा झालो. पण तो माणूस कापलेल्या बाहीकडे पाहून असा हसला की बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"घरी जा आता, अर्धबाही," जेमीची बायको म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात तेच नाव. बगळा मला धक्क्यावर भेटला. पत्रकं लावल्यापासून पहिल्यांदा बोलला. "तुझा अर्धबाही भिंतीबद्दल नीट बोलतो म्हणे. बायको सांगत होती."

नशीब कधी कसं फिरेल सांगता येत नाही. सगळा योगायोग.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

उमेदवारीचे अर्ज दाखल झाले. उमेदवाराचं नाव, खाली सूचक म्हणून माझं नाव, असा छापील कागद शाळेच्या दारावर चिकटवला आहे. लोक तो रस्ता सोडून मागच्या गल्लीने जातात. कागदावर रॉस नाव आहे, त्याला इलाज नाही. तोंडी प्रचारात आम्ही आता अर्धबाहीच म्हणतो. पेटिग्रूंना हे पसंत नाही. नवा कोट मागवतो म्हणाले. मिस्टर रॉसनी नको म्हटलं. जिथे जातात तिथे तोच कोट, एक हात थंडीने निळा. आत शेतकऱ्यांच्या गावांत मेजरचं पारडं जड आहे. सगळं आमच्या किनाऱ्यावर आहे.

बुधवार, १० फेब्रुवारी

उद्या मतदान, सकाळी आठ ते रात्री आठ. हवा शांत आहे, त्यामुळे होड्या पहाटे जाणारच, आणि मी थांबा म्हणणार नाही. एक दिवस मी त्यांचा आधीच बुडवला आहे. दुपारी दोनपर्यंत परत येऊन मत देतील. बगळ्याने शब्द दिला आहे.

एरवी मी आठच्या ठोक्याला पहिलं मत देतो, शाळेत चिटपाखरू नसताना. या वेळी शेवटी देणार. सगळे आले की नाही हे दारात उभं राहून मोजायला हवं.

गुरुवार, ११ फेब्रुवारी. दुपारी तीन

नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितो.

बारा वाजता वारा उत्तरेकडे वळला. एक वाजता उंबरठा पांढरा झाला. सव्वाला बाहेर होड्या दिसू लागल्या. एकेचाळीस, जवळजवळ दीडशे मतं. पेटिग्रू माझ्या शेजारी खिडकीत उभे. काळं शीड चढवलं की त्या पोर्टलॉगला जाणार. तिथून इथे सात मैल, पूल वाहून गेलेला. मत फक्त इथे, आपल्याच गावच्या शाळेत देता येतं. गाड्या भाड्याने घेऊन मतदार आणणं गुन्हा.

पेटिग्रू म्हणाले, "इतकं काही वाईट दिसत नाही. अनुभवी माणसं आहेत. जरा थांबून पाहा."

तो दुष्ट माणूस नाही. त्याने जेमीला पाहिलं नव्हतं एवढंच. आणि खरं लिहायचं तर मीही थांबलो. एक ते दहा मोजेपर्यंत थांबलो. भिंत मिळाली तर पुढची शंभर वर्षं कुणी बुडणार नाही, असा हिशेब माझ्याही मनात आला. मग मला माझाच हात दिसला, सुई धरलेला, दोन वर्षांपूर्वीचा. मी वर गेलो आणि काळं शीड चढवलं.

होड्या वळल्या. एकामागून एक. एकेचाळीस.

निवडणूक गेली. मी खाली येऊन एल्स्पेटला सांगितलं. ती शाल बांधत होती. गावातल्या सगळ्या बायका पोर्टलॉगच्या वाटेने निघाल्या होत्या. नवऱ्यांना कोरडे कपडे द्यायला जात असतील. "चुलीवर लक्ष ठेव," एवढं म्हणून ती गेली.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

काल सात वाजता शाळेत आम्ही तिघंच होतो. मी, दारावरचा पोलीस आणि गावोगाव फिरणारा मतदान कारकून, जो आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. सव्वासातला बाहेर बुटांचा आवाज झाला. एक-दोन जोड नव्हे, दीडशे जोड समुद्री बूट.

ते सात मैल चालत आले होते. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. बूट भरले असते तर पुढे पाऊल टाकता आलं नसतं आणि आठच्या आत कुणी पोहोचलं नसतं. म्हणून बायकांनी त्यांना पाठीवर घेऊन ओढा पार केला. इथे रोजच पहाटे बायका नवऱ्यांना तशाच पाठीवरून होडीत सोडतात, म्हणजे दिवसभर माणूस कोरडा राहतो. काल त्यांनी आख्खी निवडणूक पाठीवरून आणली. स्वतःला मत नाही एकीलाही. कमरेपर्यंत भिजलेल्या, शाळेच्या आवारात रांगेने उभ्या होत्या. माझी एल्स्पेटही. एक्कावन्न वर्षांची आहे ती.

कारकून एकेकाचा क्रमांक आणि नाव कायद्याप्रमाणे मोठ्याने पुकारत होता. "अलेक्झांडर मेअर, बगळा!" "अलेक्झांडर मेअर, लांब्या!" माणसं आत जात होती, पेन्सिल उचलायच्या आधी कमरेच्या सुरीला हात लावत होती. माझ्या मनात आलं, लावा बापड्यांनो, हवं तेवढं लोखंड लावा.

आठला सहा मिनिटं असताना मी पुढे झालो. माझ्या मागे अजून वीस-पंचवीस जण. कारकुनाने यादीत बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं,

"विल्यम पिरी!"

मागे बुटांची चुळबुळ झाली. मी मागे वळून पाहिलं. रांगेतल्या प्रत्येकाचा हात खाली गेला होता. बुटाच्या खिळ्यावर. सुरीवर. बाकाच्या पायावर. बगळा मत देऊन दारात उभा होता, त्याचा हात बिजागरीवर होता. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मोठी माणसं, पण चोरी पकडलेल्या पोरांसारखी खाली पाहत होती.

दोन नावं आहेत, ती म्हणाली होती.

मी मत कसं दिलं आठवत नाही. फुली योग्य नावापुढे पडली एवढं नक्की. बाहेर पडताना बगळ्याने माझा दंड धरला. त्या हातात लोखंड नव्हतं.

"दाभण," तो हळूच म्हणाला, "थांब जरा. बरोबर घरी जाऊ."

मी थांबलो नाही. सरळ घरी आलो. माडीच्या दाराशी ती चकचकीत कडी होती. चोवीस वर्षांच्या हातांनी घासलेली. मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. एल्स्पेट मागून आली, ओल्या घागऱ्यातून पाणी गळत होतं.

"पाट्या कुणी नेल्या?" मी विचारलं.

"पहिल्या तीन बाबांनी. गेल्या महिन्यातली मी."

"आणि पत्रं पालथी. आणि टोपणनाव. चोवीस वर्षं तुम्ही सगळे मला अपशकुन समजत होता आणि मला कुणी सांगितलं नाही. तूही."

ती रडली नाही. तिला राग आला होता. "अपशकुन? मूर्खा, असलं नाव घेऊन जो येतो त्याला आम्ही ठेवत नाही. त्याला काम देत नाही, पाणी देत नाही, पुढच्या गावची वाट दाखवतो. तुला पाहिल्यावर मी बाबांना म्हटलं, हा हवा. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. मग घरोघर गेले आणि म्हणाले, आजपासून याचं नाव दाभण. टोपणनाव आम्ही परक्याला देत नाही, विल. कधीच नाही. तुझी शिडं लावून सगळं गाव समुद्रावर जातं. यापेक्षा जास्त काय विश्वास ठेवायचा एखाद्यावर?"

मी खुर्चीवर बसलो.  मग तिचे बूट काढायला वाकलो, कारण तिची बोटं थंडीने वळत नव्हती. आणि मी रडलो. हे लिहायला आता लाज वाटत नाही.

आज दुपारी निकाल लागला. मिस्टर रॉस एकशे सात मतांनी विजयी. तार डॉडने आणली. पालथी.

"तुझी आहे, दाभण," तो म्हणाला.

मी म्हटलं, "माझीच आहे."

शनिवार, २० फेब्रुवारी

मिस्टर रॉस पार्लमेंटात जाऊन बसले. भिंतीचा कायदा मे महिन्यात पुन्हा मांडणार असल्याचं त्यांनी लिहिलं आहे. पत्राखाली सही केली आहे, आपला अर्धबाही. पेटिग्रूंनी पाहिलं नसेल.

भिंत उभी राहायला वर्षं लागतील. तोवर काळं शीड माझ्याकडे आहे. त्याचे दोन टाके उसवले होते, ते आज घातले.

दुपारी एक फळी तासली आणि पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली. "दाभण. शिडं शिवून मिळतील." माडीच्या दारावर ठोकली. एल्स्पेटने खालून पाहिलं, डावीकडे जरा झुकली आहे म्हणाली, आणि आत गेली.

रविवार, २१ फेब्रुवारी

रात्रभर उत्तरेचा तुफान वारा. पाववाल्याची पाटी उडून धक्क्यावर पडली.

माझी जागेवर आहे.